नाना धायगुडे यांचा बाउन्स

नाना धायगुडे ‘फेड आउट’ने जायला हवे होते, ते ‘बाउन्स’ने गेले, आणि म्हणून दहाव्याला परत आले.

सोनवडीत याचं कुणाला नवल वाटलं नाही. श्रद्धांजलीच्या व्हिडिओत ज्या चालीने नाव पडद्यावरून जातं त्याच चालीने माणूस जातो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पूर्वी चौकात नुसते फ्लेक्स लागायचे, तेव्हा माणसं गपगुमान जायची, कारण फ्लेक्सवरचं नाव हलत नाही. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, मोबाइलवर व्हिडिओ आले, आणि जाण्याला चाल आली. गावाने ते मान्य करून टाकलं. वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की चूक स्वप्नालीकडून झाली.

स्वप्नाली शेळके हिचं एसटी स्टँडसमोर ‘स्वरूप डिजिटल’ नावाचं दुकान. बारसं, लग्न, वास्तुशांत, भावी नगरसेवकांचे वाढदिवस आणि मयत, सगळ्यांचे व्हिडिओ ती एकटी करायची. तसं काम काही अवघड नाही. सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या हालचाली तयार मिळतात, त्यांना प्रीसेट म्हणतात. हवा तो प्रीसेट उचलायचा, नावावर टाकायचा, की नाव नाचायला लागतं. टाइपरायटर टाकला की एकेक अक्षर उमटतं. बाउन्स टाकला की नाव वरून पडतं, चेंडूसारखं उसळतं, आणि जातानाही उड्या मारत जातं. फेड आउट टाकला की हळूहळू विरतं. वाढदिवसाला बाउन्स आणि मयताला फेड आउट, एवढं पथ्य पाळलं की झालं.

त्या दिवशी बंटीशेठ या भावी आमदारांचा वाढदिवस आणि नानांची मयत एकाच वेळी आली. आता या धंद्यात नवी फाइल कोण करत बसतं? मागची उघडायची, नाव बदलायचं, द्यायची पाठवून. त्यातून मयतीचं स्टेटस पडायला उशीर झाला तर भावकीला ते मयतीपेक्षा जास्त लागतं. स्वप्नालीने बंटीशेठची फाइल उघडली. बंटीशेठच्या जागी नाना आले, सिंहाच्या जागी समई आली, डीजेच्या जागी बासरी आली, रंग काढून सगळं काळं-पांढरं झालं. तेवढा नावावरचा बाउन्स मात्र राहिला. शिवाय तो लूपवर राहिला, कारण वाढदिवसाचं नाव बघणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत जात-येत राहावं लागतं.

गावाने व्हिडिओ पाहिला आणि हात जोडले. नाव उसळतंय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. श्रद्धांजलीचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघतं कोण?

दहाव्याला नदीवर माणसं जमली होती. पिंड मांडून झाले होते, कावळ्याची वाट बघणं चाललं होतं. तेवढ्यात नाना वरून वाळूत पडले, दोनदा उसळले आणि स्थिर झाले. टोपी सारखी केली. गर्दीकडे एकवार नजर टाकून म्हणाले, “जेवायला किती पानं सांगितलीत? ही माणसं त्यात भागायची नाहीत.”

कावळा आलाच नाही. गुरुजींनी थोडा विचार केला आणि माणूस समोर असताना पिंड आवरून घ्यायला हरकत नाही, असं सांगितलं.

नगरपंचायतीत नोंदीच्या खिडकीवर नाना स्वतः गेले. तिथला कारकून मुळात शांत माणूस. तो म्हणाला, “नाव पुन्हा चढवता येईल. पण आपण कायमचे आलात की तात्पुरते?”

“ते त्या शेळक्यांच्या पोरीला विचारा,” नाना म्हणाले.

कारकुनाने फोन करून विचारलं. स्वप्नालीने फाइल उघडून बघितली. बाउन्स, आणि तोही लूपवर. माणूस येणार, जाणार, पुन्हा येणार. प्रत्येक खेपेचा मुक्काम आधीपेक्षा लहान, कारण प्रत्येक उसळी आधीपेक्षा बुटकी असते. अगदी बुटकी उसळी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिने जसं होतं तसं सांगितलं.

“म्हणजे तात्पुरते,” कारकून नानांना म्हणाला. “मग राहू द्या. सारखी खाडाखोड नको.”

नानांना यात वावगं काही दिसलं नाही. आयुष्यभर त्यांनी यात्रा कमिटीचं अध्यक्षपद भूषवलं होतं, मिरवणुकीत पुढे चालायची सवय होती, आणि आता तर गाव त्यांच्याकडे माना वर करून बघत होतं. अंगणात पडले की दोन-चार जण टाळ्याही वाजवायचे. त्यांची सगळी चैन होती. हाल होते ते इंदूकाकूंचे.

कारण नाना गेले की इंदूकाकू विधवा आणि आले की सवाशीण. आणि हे दोन्ही वेळेवर व्हायला पाहिजे, याची जबाबदारी नानांची थोरली बहीण, आक्का, हिने स्वतःकडे घेतली होती. आक्का त्याच गल्लीत राहायची. कपाळावर भलंमोठं कुंकू, हातात कोपरापर्यंत चुडा, आणि जिभेला हाड नाही. सोनवडीतली कुठलीच बाई आक्काशिवाय रीतसर विधवा होत नसे. नाना उड्या मारत वर गेले की आक्का चार बाया घेऊन यायची, इंदूकाकूंचं कुंकू पुसायची, मंगळसूत्र काढायची, पाट्यावर हात धरून बांगड्या फोडायची. नाना आले की तीच करंडा घेऊन हजर व्हायची. “लाव बाई, आला माझा भाऊ.” बांगड्या भरणाऱ्या कासाराने तर सायकल धायगुड्यांच्या दारातच लावून ठेवली. म्हणाला, सारखी कोण ढकलत आणणार?

नाना तिसऱ्यांदा आले तेव्हा इंदूकाकू दुकानात आल्या. स्वप्नालीला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. पण काकूंनी पाणी मागितलं, प्यायल्या, आणि शांतपणे बोलायला लागल्या.

“त्यांनी कसं जायचं, किती वेळा जायचं, ते त्यांचं ते बघतील. मला कितीदा पुसायचं तेवढं सांग.”

“काकू, चूक माझी झाली. नवीन व्हिडिओ करून देते. फेड आउट लावते. एकदाच जातील.”

“आणि मग माझं एकदाच पुसतील.”

“हो.”

“मग परत लावायला कोण येणार?”

स्वप्नालीने उगाच माउस हलवला. काकू म्हणाल्या, “मला ते गेल्याचं दुःख नाही असं नाही. जन्म काढलाय त्यांच्याबरोबर. पण खरं सांगू का, त्या माणसाने मला कधी टिकली आणून दिलेली नाही. कुंकू माझं मी लावते, तिसरीत होते तेव्हापासून. लग्नाच्या आधीपासून. मग त्यांना नेताना हे का नेतात?”

हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या बाहेरचा होता. स्वप्नालीने निदान स्वतःच्या हातातलं तेवढं करायचं ठरवलं. नवा व्हिडिओ करायचा. पण सोनवडीत प्रूफ पास झाल्याशिवाय काहीच पुढे जात नाही, लग्नपत्रिका नाही, फ्लेक्स नाही, व्हिडिओही नाही. एरवी मयताचं प्रूफ घरचे पास करतात, कारण मयत उपलब्ध नसतो. इथे तो उपलब्ध होता, म्हणजे हक्क त्याचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना प्रूफ बघायला आले. मागोमाग इंदूकाकूही आल्या. नाना खुर्चीत ऐसपैस बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, “पहिल्यापासून सगळे दाखव. घाई करायची नाही.”

स्वप्नालीने एकेक प्रीसेट नावावर टाकून दाखवायला सुरुवात केली. फेड आउट बघून नानांनी नाक मुरडलं. “हे काय, दिव्यातलं तेल संपल्यागत? अध्यक्ष असा जात नाही.”

‘स्लाइड लेफ्ट’ लावलं. नाव सरळ डावीकडे गेलं. नानांनी विचारलं, “डावीकडे म्हणजे आमच्या घरापासून डावीकडे का? तिथं धाकट्या भावाचं घर आहे. त्याच्या दारात मी जिवंतपणी पाऊल टाकलं नाही.” उजवीकडे गटार होतं. तो प्रीसेटही बाद झाला.

‘स्पिन’ लावलं, नाव गरगर फिरलं. नानांना चक्करेचा जुना त्रास. ‘टाइपरायटर’ उलटा लावला, तर नाव शेवटाकडून एकेक अक्षराने पुसत आलं. नानांनी बारीक विचार करून विचारलं, “म्हणजे आधी आडनाव जाणार? मग मी बिनआडनावाचा किती वेळ उभा राहणार?” स्वप्नाली म्हणाली, एखादा सेकंद. नानांनी मान हलवली. एवढ्या वेळात भावकी काय वाट्टेल ते बोलते, म्हणाले.

‘झूम’ मात्र त्यांना पसंत पडला. नाव मोठं मोठं होत सगळा पडदा व्यापून टाकतं आणि मग नाहीसं होतं. “हां. हे माणसासारखं जाणं झालं.”

“आयुष्यभर तेच केलंत,” काकू मागून म्हणाल्या. “आता तरी जागा सोडा.”

नानांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचा दाखव म्हणाले. स्वप्नालीच्या हळूहळू लक्षात आलं की प्रश्न आवडीनिवडीचा नाही. माणसाला जायचंच नाहीये. प्रीसेट संपेपर्यंत तेवढाच वेळ मिळतोय, म्हणून तो ग्लिच बघतोय, वेव्ह बघतोय, मागचे पुन्हा दाखव म्हणतोय. तिला त्यांची कीव आली. तिने मागचे पुन्हा दाखवले.

शेवटी काकूंचा धीर सुटला. त्या उठून पुढे आल्या, पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “ते पहिलं साधंच लाव, बाई.”

बोट ठेवताना त्यांचा हात पडद्याच्या उजेडात आला. नवीन हिरव्या बांगड्यांच्या मागे मनगटावर बारीक बारीक जखमा होत्या, काही सुकलेल्या, काही ओल्या. नानांनी तो हात धरला.

“हे काय?”

“बांगड्या फोडतात तेव्हा काच लागते.”

“कोण फोडतं?”

“तुमची बहीण.”

“कधी?”

“तुम्ही गेलात की.”

नाना बराच वेळ तो हात बघत राहिले. मग त्यांनी तिच्या कपाळाकडे बघितलं. पुसून पुसून तिथली कातडी सोलवटली होती आणि कुंकू त्याच्यावरच लावलेलं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात ते कपाळ त्यांनी इतकं जवळून कधी पाहिलं असेल, असं वाटत नाही.

“मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

“तुम्ही नसता ना तेव्हा.”

खरंच होतं ते. सोनवडीतल्या कुठल्याही नवऱ्याने हे आजवर बघितलेलं नव्हतं. जो बघायला पाहिजे तोच नेमका त्या वेळी गावात नसतो.

नाना तसेच उठले आणि बहिणीच्या घरी गेले. स्वप्नाली आणि काकूही पाठोपाठ गेल्या. आक्का ओसरीवर डाळ निवडत होती. आतल्या खोलीत तिचे यजमान, दाजी, खाटेवर पडून खोकत होते.

“आक्का, मी गेल्यावर हिच्या बांगड्यांना हात लावायचा नाही,” नाना म्हणाले. “कुंकवालाही नाही.”

आक्काने सूप खाली ठेवलं. “हे तू आत्ता सांगतोयस.”

“मग कधी सांगू?”

“आत्ता तू आहेस, तुझं ऐकते. तू आहेस तोवर मी तिच्या केसालाही धक्का लावणार नाही. पण तू गेलास की तुझं ऐकायचं कारण काय? गेलेल्या माणसाने घरात बोलायचं नसतं.”

“आणि मी परत आलो तर?”

“तर परत करंडा घेऊन येते की. कधी आळस केलाय का मी?”

नानांनी यात्रा कमिटीत भल्याभल्यांना गप्प केलं होतं, पण इथे त्यांनी हात टेकले. आक्काच्या बोलण्यात कुठे फटच नव्हती. ते ओसरीच्या कडेला बसले. थोड्या वेळाने स्वप्नालीला म्हणाले, “साधंच लाव. सारखं येऊन-जाऊन हिचे हात कापायचे, त्यापेक्षा एकदाच काय ते होऊ दे. पण जरा सावकाश विरव.”

“सावकाशच लावते, नाना.”

संध्याकाळी नवा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर गेला. सोनवडीत शेवटचा व्हिडिओ ग्राह्य धरतात. नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते, शेजारी काकू होत्या. चहा झाला. नाना आधी फिके झाले, मग त्यांच्यातून मागची तुळस दिसायला लागली. काकूंनी त्यांचा हात धरला होता तो तसाच राहिला, फक्त हातात काही उरलं नाही. जाता जाता ते काहीतरी म्हणाले. काकूंनी काय ते कुणालाच सांगितलं नाही. त्या मोकळेपणाने रडल्या, आणि आधीच्या खेपांना त्या अशा रडल्या नव्हत्या.

सकाळी आक्का चार बाया घेऊन दारात आली. काकू चौकटीत उभ्या होत्या, कपाळावर ताजं कुंकू.

“चल आत. पाटा काढ.”

“थांबा की,” काकू म्हणाल्या. “परत आले तर पुन्हा भरायच्याच आहेत. कासारही आता उधारी सांगायला लागलाय. आधी खात्री करून घ्या.”

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांचंही खोटं नव्हतं, दरवेळी आपलं काम टाकून यायचं म्हणजे त्यांच्याही जिवावर यायचं. एक जण म्हणाली, व्हय की, नाना म्हणजे काय भरवशाचा माणूस आहे का, यात्रेची मीटिंग संपली म्हणून उठायचा आणि दारातून परत यायचा. आक्काला हे पटलं. रीत ती रीत, पण रीत वाया घालवण्यात अर्थ नाही. मग सगळ्या मिळून, काकूंना पुढे घालून, ‘स्वरूप डिजिटल’मध्ये आल्या. दुकानात उभं राहायला जागा उरली नाही.

आक्काने सरळ विचारलं, “स्वप्ने, माझा भाऊ परत येणार का नाही? खरं सांग. तुझ्या शब्दावर आहे सगळं.”

स्वप्नालीने फाइल उघडली. फेड आउट, एकदाच, लूप बंद. तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं, तीनदा तपासलं होतं. नाना आता कधी येणार नव्हते. तिने पडद्यावरून नजर वर केली. काकू दाराशी उभ्या होत्या. काही मागत नव्हत्या, डोळ्यांनीसुद्धा नाही. नुसता पदर दोन्ही हातांनी मनगटावर ओढून धरला होता.

आपण बाउन्स न काढता फाइल पाठवली तेव्हा कुणाला विचारलं होतं, असं स्वप्नालीच्या मनात आलं.

“सांगता येत नाही, आक्का,” ती म्हणाली. “बाउन्स अजून आत आहे.”

“काल तर साधं लावलंस.”

“वरून साधं आहे. खालच्या लेयरला बाउन्स राहिलाय. तो निघत नाही.”

“मग कधी येणार?”

“आज येतील, वर्षाने येतील. ते सॉफ्टवेअरवर आहे.”

आक्काने पडद्याकडे बघितलं. तिथे रंगीबेरंगी पट्ट्या एकाखाली एक लागल्या होत्या आणि त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मग तिने स्वप्नालीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे मात्र ती बराच वेळ बघत राहिली.

“म्हणजे ही ना धड विधवा, ना धड सवाशीण.”

“सध्या तरी तसंच.”

“मग तोवर आहे तसं राहू दे,” आक्का म्हणाली. “अर्धवट कामाला मी हात लावत नाही.” ती बायांना घेऊन निघून गेली.

इंदूकाकू तशाच राहिल्या. संक्रांतीला त्यांना वाण आलं. मंगळागौरीला बोलावणं आलं. नगरपंचायतीच्या कारकुनानेही त्यांच्या बाबतीत ‘प्रतीक्षेत’ असा शेरा मारून विषय बाजूला ठेवला. कधी कुणी विचारलंच तर काकू आकाशाकडे बघून म्हणायच्या, “काय सांगावं, यायचेही.” आणि कामाला लागायच्या.

उन्हाळ्यात एकदा दुपारी दुकानात कुणी नसताना आक्का आली. एकटीच. पंख्याखालच्या स्टुलावर बसली. तिला काय पाहिजे ते सांगायला बराच वेळ लागला, आणि हे आक्काच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

“दाजींचं काही खरं नाही,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय.”

“वाईट झालं, आक्का.”

“त्यांचा व्हिडिओ तुझ्याकडेच येणार. तेव्हा बाया विचारायला येतील. मी इतक्या जणींची केलीत, माझ्या वेळेला एकही मागे राहायची नाही. त्यांना सांगायचं, बाउन्स लावलाय म्हणून.”

“लावते ना, आक्का.”

आक्का स्टूल ओढत जवळ आली.

“सांगायचं म्हणतेय मी,” ती हळू आवाजात म्हणाली. “लावायचं साधंच. खाली लेयर-बियर काही ठेवू नकोस. त्या माणसाने लई सोसलंय, त्याला परत परत नको आणूस.”

स्वप्नाली बरं म्हणाली. आक्काने पदराच्या टोकाने कपाळावरचा घाम टिपला, कुंकवाच्या कडेकडेने, मधे कुठे धक्का न लावता, आणि घरी निघाली.